सगळ्यात गडद शब्द

माझं आडनाव मीटिंग रूमच्या भिंतीवर लालभडक झालं होतं आणि सगळी टीम त्याच्याकडे बघून हसत होती.

आमची कंपनी माण गावच्या आयटी पार्कात. भाड्याचं घर शोधून देणारा चॅटबॉट आम्ही बनवत होतो. दलाल आणि घरमालक भाडेकरूंशी जे बोलले, ते जुने मेसेज वाचून तो शिकला होता. त्या दिवशी निखिल, आमचा टीम लीड, एक नवीन टूल दाखवत होता. मॉडेलला सूचना द्यायची. उत्तर देताना त्याचं लक्ष कुठल्या शब्दावर किती होतं, ते रंगात दिसायचं. जास्त लक्ष असेल तर शब्द गडद. नसेल तर फिका.

निखिलला खरं उदाहरण हवं होतं. मी मारुंजीत घर शोधतेय हे सगळ्यांना माहीत. त्यानं मला न विचारता माझं नाव टाइप केलं. पूर्ण नाव. पुढे लिहिलं: इंजिनिअर, पगार चांगला, आईवडील सोबत राहणार. वर सूचना होतीच की घरमालकाच्या वतीनं उत्तर दे, जात-धर्म बघू नकोस.

एंटर.

'इंजिनिअर' फिका. 'पगार' जरासा गुलाबी. 'जात-धर्म बघू नकोस' तर जवळजवळ पांढरं, कुणी लिहिलंच नसावं असं. आणि आडनाव लाल. खाली उत्तर आलं, "सध्या घर रिकामं नाही."

निखिलनं गंमत म्हणून माझं आडनाव खोडून स्वतःचं टाकलं. बाकी एक अक्षर बदललं नाही. उत्तर आलं, "संध्याकाळी बघायला या."

"मशीनला पण बरोबर कळतं राव," मागून कुणीतरी म्हणालं.

मीही हसले. कानशिलं तापलेली, आणि तोंड हसतंय. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

कारण ही दोन्ही उत्तरं मला पाठ होती. घर बघायला गेलं की आधी सगळं गोड. किचन दाखवतात, पाण्याचं सांगतात. मग जिना उतरताना हळूच विचारतात, "पूर्ण नाव काय तुमचं?" ते सांगितलं की मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरतं आणि घर त्यालाच लागणार असतं. किती पुतण्यांची लग्नं मी लावली असतील! म्हणून हल्ली मी माझं आणि बाबांचं नाव सांगून थांबायचे. इंग्रजी फाडफाड बोलायला शिकले, तसं आडनाव गिळायलाही शिकले होते.

मीटिंगनंतर निखिल जवळ आला. तो वाईट माणूस नाही, म्हणून तर जास्त लागतं. मनाला लावून घेऊ नकोस म्हणाला, रंग गडद म्हणजे तेच कारण असं नसतं. सोमवारी क्लायंटसमोर डेमो तूच दे, तेवढं आडनाव टाकू नकोस.

"आडनाव काढलं की प्रॉब्लेमच दिसत नाही," तो म्हणाला.

मी बरं म्हणाले. चक्क बरं म्हणाले.

पिंपरीला घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा इथल्याच एका कंपनीत फिटर होते, आता रिटायर झालेत. मला वाटलं चिडतील. ते पंख्याचा वेग कमी करून माझ्यासमोर बसले.

"कंपनीच्या बिल्ल्यावर माझं पूर्ण नाव होतं," ते म्हणाले. "सायेब वाचायचा, नाक मुरडायचा. म्हणून मी बिल्ला खिशात न्हाई ठेवला. तू का ठेवतीस?"

ऑफिसात वाटली ती लाज लोकांनी माझ्या माथी मारलेली होती. बाबांसमोर वाटली ती माझी होती.

सोमवारी क्लायंटची माणसं आली. मी माझं नाव टाइप केलं, बाबांचं केलं. निखिल मान हलवून नको म्हणत होता. मी आडनाव टाकलं. भिंत लाल. "सध्या घर रिकामं नाही." मग निखिलचं आडनाव टाकलं. "संध्याकाळी बघायला या."

या वेळी कुणी हसलं नाही. क्लायंटकडच्या एका बाईंनी विचारलं, हे पहिलं नाव कुणाचं?

"माझं," मी म्हणाले. "आडनाव झाकलं तर रंग दिसणार नाही, पण मॉडेलला शिकवलंय ते तसंच राहील. आणि शिकवलंय आपण."

आठवड्याभरात मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. निखिल हल्ली कॅन्टीनमध्ये नजर चुकवतो. घरही अजून मिळालेलं नाही.

पण आता मी जिना उतरेपर्यंत थांबत नाही. दार उघडलं की चपला काढायच्या आधी पूर्ण नाव सांगते. घर द्यायचं नसेल तर माझं आडनाव घेऊन, माझ्या तोंडावर नाही म्हणावं. पुतण्याचं लग्न मी ऐकून घेणार नाही.