एकदाच विचारायचं

देवरे सर दर सोमवारी स्वतःच्याच खोलीचं दार वाजवून आत येत. त्या दिवशी ते पाहुणे असत. गळ्यात टाय, हातात रिकामी बॅग, आणि नाव कधी हान्स, कधी पीटर. आत बसलेल्या कारकुनांनी उठून त्यांचं स्वागत करायचं, बसवायचं, पाणी विचारायचं. कोणी हसलं की सर पुन्हा बाहेर जात आणि पुन्हा दार वाजवत.

आमच्या विद्यापीठात तेव्हा आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्ष नुकताच निघाला होता. परदेशी विद्यापीठांची माणसं नाशिकला येतील, आपली तिकडे जातील, म्हणून कर्मचाऱ्यांना तयार करायचं काम सरांकडे होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून इंग्रजी संभाषण शिकवायला मला तात्पुरतं घेतलं होतं. खरं तर मला चार माणसांत मराठीतही बोलवत नसे. सरांच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असावं. मला कोपऱ्यातली खुर्ची देऊन ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त आमच्या चुका पकडा. आरडाओरडा मी करतो."

त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. आग्रह करायचा नाही.

"चिवडा पुढे करा. नको म्हणाला तर बशी मागे घ्या. एकदा नको म्हणजे नको. परदेशी माणूस एकदाच बोलतो."

"सर, पण पाहुणा उपाशी मेला तर?" खैरनार नावाचा कारकून विचारायचा.

"पाहुण्याची भूक पाहुण्याला माहीत. तू बशी मागे घे."

हे कारकुनांना सर्वांत अवघड जाई. बशी मागे घेताना खैरनारचा चेहरा असा होई, जणू त्याने कुणाचा अपमान केलाय. स्वतः सर सटाण्याकडचे. घरी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. पण सोमवारी मात्र कडक.

सर कधी परदेशी गेले नव्हते. आमच्यापैकी कोणीच गेलं नव्हतं. पण त्यांनी पासपोर्ट काढून ठेवला होता आणि भद्रकालीतल्या शिंप्याकडून निळा कोट शिवून घेतला होता. वर्ग संपला की हळूच विचारायचे, "मॅडम, बर्फात बूट कसले घालतात हो?" मी सांगायचे, मलाही माहीत नाही. "चला, मग मीच जाऊन बघतो," म्हणायचे. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार झाला. एका कर्मचाऱ्याला तिकडे प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. बैठकीत कुलसचिव साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय देवरे, जाता ना?"

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातलं पेन उगाच काढून परत लावलं. मग आपल्याकडे चहा पहिल्यांदा विचारला की जसं म्हणतात तसं म्हणाले, "नको साहेब, मला कशाला? तरुण पोरांना पाठवा."

आता साहेब म्हणतील, असं कसं, तुम्हीच जायचं. आम्ही सगळे वाट बघत होतो. सरही बघत होते.

साहेब हसले. "हे बघा देवरेंचं तत्त्व! एकदा नको म्हणजे नको. शेवाळे, तुम्ही तरुण आहात, तुम्ही जा."

सगळे हसले. सर सर्वांत जास्त वेळ हसत राहिले. साहेबांना खरंच कळलं नव्हतं, की फार चांगलं कळलं होतं, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. "सर, मी साहेबांशी बोलू का?"

"नको."

"सर, तुम्हाला जायचंय. सगळ्यांना माहितीये."

"मॅडम," ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले, "मग सोमवारी त्या पोरांसमोर उभा कसा राहू मी?"

सोमवारी त्यांनी दार वाजवलं. खैरनारने चिवड्याची बशी पुढे केली. सर म्हणाले, "नको." खैरनार ती बशी तशीच धरून उभा राहिला. "मागे घे," सर म्हणाले. त्याने घेतली. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

शेवाळे चॉकलेटं घेऊन परत आला. सरांनी आपलं चॉकलेट ड्रॉवरमध्ये ठेवलं. एप्रिलच्या उकाड्यात ते वितळून कागदांना चिकटलं. परदेशी पाहुणे कधी आलेच नाहीत. सर निवृत्त झाले, करार संपला, आणि आमच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले. शेवाळे सोडला तर आम्ही शिकवलेल्यातलं कोणालाच काही वापरायला मिळालं नाही.

सर गेले त्याच्या आधी थोडे दिवस मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेले होते. अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती. निळा कोट प्लास्टिकच्या पिशवीसकट खुंटीला होता. काकू त्यांना मऊ भात भरवत होत्या. सरांनी डावा हात हलवला. नको.

"इतलंच शे, खाई ल्या," काकू त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या.

पुन्हा हात हलला.

"खाई ल्या ना."

सरांनी तोंड उघडलं. निम्मा भात हनुवटीवर आला. काकूंनी तो पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "चहा ठेवते."

"नको, काकू," मी सवयीने म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. आत भांडं वाजलं.

सर माझ्याकडे एकटक बघत होते. ओठ हलल्यासारखे वाटले. मी वाकून विचारलं, "सर, काही हवंय का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी पुन्हा विचारलं. पण तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.