सात नंबरच्या नळाची चव

त्या बारमध्ये बारा नळ होते आणि प्रत्येक नळाची बिअर वेगळी. दुपारी दार उघडण्याआधी प्रत्येकीचा एक घोट घ्यायचा आणि चव फळ्यावर खडूने लिहायची, हे काम नऊ वर्षं एकाच बाईकडे होतं. मालकीण नव्या गिऱ्हाइकांना तिची ओळख करून द्यायची ती ‘ही आमची जीभ’ अशी.

चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला. ताप गेला, जाताना वास आणि चव घेऊन गेला. घरी हे आईला कळलं ते सूपवरून.

“कसं झालंय?”

“छान.”

“मीठ घातलंच नव्हतं मी. कामावर सांगितलंस का?”

“काय सांगू? चवीसाठीच तर ठेवलंय मला.”

तेव्हापासून ती बारा घोट नेमाने घ्यायची आणि जुनी वही काढून फळा भरायची. संत्र्याची साल, भाजलेला पाव, ओलं लाकूड. गिऱ्हाइकं फळा वाचत, घोट घेत, “ओलं लाकूड अगदी जाणवतंय हं” म्हणत. ओलं लाकूड आधी कधी खाल्लं होतं, हे तिने कुणाला विचारलं नाही. गिऱ्हाइकाला असलं विचारत नाहीत. तिला अपराधीही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, आणि कामाला ते सोयीचं होतं.

मंगळवारी सात नंबरला नवं पिंप जोडलं. संध्याकाळपर्यंत चाळीसेक ग्लास गेले. एकाने संत्र्याच्या सालीचं खास कौतुकही केलं. मग पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले काका नेहमीच्या स्टुलावरून हळूच म्हणाले, “ताई, ही विटलीय गं.”

परत आलेला ग्लास गिऱ्हाइकासमोर चाखून निकाल द्यायचा, असा बारचा नियम होता. तिने चाखला. थंड होता, एवढं कळलं. मालकीण शेजारी येऊन उभी राहिली.

“काय गं? विटलीय?”

हो म्हणावं तर दुपारी काय चाखलंस. नाही म्हणावं तर काका खोटे.

“मला कळत नाही,” ती म्हणाली. “चार महिने झाले. कशाचीच चव कळत नाही.”

मालकिणीने घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकला. “शी! व्हिनेगर झालंय नुसतं. मग फळ्यावरचं?”

“मागच्या वर्षीचं.”

“म्हणजे ते ओलं लाकूड...” काका म्हणाले.

“तेही.”

“अगं बाई, आणि मी समजत होतो, माझीच जीभ म्हातारी झाली!”

“उद्या बाराला ये,” मालकीण एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बारमधल्या लॉकरची किल्ली परत द्यायला हातातच धरून आली. काका स्टुलावर बसले होते, पुढ्यात बारा छोटे ग्लास. मालकिणीने किल्लीकडे पाहिलंच नाही. तिच्या दुसऱ्या हातात खडू दिला.

“हे चाखतील, तू लिही. अक्षर तुझंच बरंय.”

हायसं वाटायला हवं होतं. तिने थोडी वाट पाहिली. मग फळ्याकडे वळली.

“सात नंबर. कालचं पिंप बदललंय,” काका म्हणाले.

“संत्र्याची साल?”

“कुठली साल! लिही, बिअरसारखी लागते.”

तिने साल पुसली आणि लिहिलं.