आजोबांकडचं कार्य

मेरापी या जागत्या ज्वालामुखीच्या उतारावर वागियेमबाईंचा जन्म गाईसाठी गवत कापण्यात गेला. त्यांच्या गावात डोंगराचं नाव घेत नाहीत, 'आजोबा' म्हणतात. आणि आजोबा फुटतात, असं तर चुकूनही बोलायचं नाही. 'आजोबांकडे कार्य आहे' म्हणायचं. वागियेमबाई याबाबतीत भलत्याच कडक. शाळेतून तो शब्द घरी आणला म्हणून त्यांनी मुलाला एकदा उपाशी झोपवलं होतं.

रोजच्या धुराला त्या भीत नसत. आजोबा विडी ओढतायत, म्हणत आणि विळा चालवत. माकडं खाली उतरली, की मात्र गाय सोडायची आणि चालू पडायचं.

त्या वर्षी माकडं मक्यात शिरली. सून रेत्नो सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला सेमारंगहून यायची होती. वागियेमबाईंनी फोनवर कळवलं, "आजोबांकडे कार्य निघालंय. तू येऊ नकोस."

रेत्नो समुद्रकाठची, डोंगरातली ही बोली तिला ठाऊक नाही. नवरा जहाजावर, त्यामुळे विचारायला कोणी नाही. घरात कार्य आणि नेमकी मीच नको, हे तिला फार लागलं. नवी बाटिक नेसून, आहेराचे तांदूळ-साखर घेऊन ती निघालीच. वाटेत माणसांनी भरलेले ट्रक उतरताना दिसले. तिला ते वऱ्हाड वाटलं.

सासूबाई निघायच्या तयारीत गोठ्यात होत्या.

"न बोलावता आलेय, आई. परकी नाही मी."

"आल्या पावली खाली चल, पोरी. कार्य आहे."

"तेच ना! साऱ्या गावाला आमंत्रण, मी तेवढी नको. आता जेवल्याशिवाय उठणार नाही." आणि ती सुजलेले पाय पसरून चटईवर बसली.

वर गडगडलं.

"वाजंत्रीही आली," रेत्नो फणकारली.

वागियेमबाईंनी तिचा दंड धरला आणि सोडला. ओढून न्यावी, तर पोटुशी. शेवटचा ट्रक खाली भोंगा वाजवत होता. त्यांनी डोंगराकडे पाठ केली, सुनेच्या कानाशी वाकल्या आणि जन्मात न उच्चारलेलं बोलल्या.

"मेरापी फुटतोय."

रेत्नो उठली. दोघी ट्रकपर्यंत पोहोचल्या. गाय वरच राहिली.

संध्याकाळपर्यंत घर राखेखाली गेलं. आपण बोललो म्हणूनच गेलं, याबद्दल वागियेमबाईंना आजही शंका नाही. त्याचं त्यांना दुःख आहे, गाईचं जास्त. नातीला न्हाऊ घालताना मात्र त्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "वेळ आली तर पुन्हा बोलेन."