टाकीचा तळ दाखवणारे वाघमारे सर

आदरणीय वाघमारे सरांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते पाण्याचा ग्लास नाकाशी धरून उभे होते. शिरूर कासारजवळ आमच्या सहकारी संस्थेचे वसतिगृह आहे. तिथे मी जलशुद्धीकरणाची अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. साखर कारखान्यातून मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले सर संस्थेला विनामोबदला सल्ला देत. त्यांनी माझे नाव विचारले नाही. ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "वास घ्या."

वास कुबट होता. वर्ष दुष्काळाचे, पाणी टँकरचे. क्लोरीन पडत होते, जिवाणूंची तपासणी निर्दोष येत होती, तरी वास जात नव्हता. वसतिगृहात ऊसतोड कामगारांची मुले राहतात. पाणी असेच राहिले तर मुलांना सोबत उसाच्या फडावर नेऊ, असे पालकांनी सांगितले होते. तसे झाले असते तर मुलांची शाळा सुटली असती.

सरांना बुरशीचा संशय आला. बटाट्याच्या पाण्यात साखर आणि ते जेलीसारखे घट्ट करणारी अगरची पूड घालून, कुकरमध्ये निर्जंतुक करून त्यांनी ते झाकणाच्या छोट्या काचेच्या थाळ्यांत ओतले; बुरशी असली तर तीवर वाढून दिसते. कुकर अर्थातच त्यांच्या पत्नी सुशीलाकाकूंचा. "बटाट्याचं पाणी बुरशीला, बटाटे आमाला," काकू मला म्हणाल्या. "जेवून जा, भाजी लई हाय." थाळ्यांवर वसतिगृहाचे पाणी सोडले. काही दिवसांत त्या काळ्या ठिपक्यांनी भरल्या.

बुरशीच्या बीजाणूचे कवच जाड असते. एकटे क्लोरीन त्याला कमी पडते, आणि गडद रंगाचे बीजाणू अतिनील किरणही बरेच सोसतात. म्हणून आम्ही पाणी आधी नीट गाळले, मग क्लोरीन आणि अतिनील दिवा यांचा मारा एकत्र केला. दिव्याखालून निघालेल्या पाण्याची थाळी कोरी राहिली. नळाच्या पाण्याची मात्र पुन्हा भरली; म्हणजे बुरशी मधल्या टाकीतच होती.

दोन्ही थाळ्या हातात घेऊन सर टाकीच्या शिडीवर चढले. दुष्काळात आमच्याकडे कोणी टाकीचा तळ दिसू देत नाही. उरलेल्या पाण्यावरच नवे पाणी ओततात.

"हे विरजण हाय," सर वरून म्हणाले. "जुनं राखायचं, त्यावर नवं ओतायचं. टाकी रिकामी करा."

संस्थेचे अध्यक्ष आबा खाली उभे होते. "सर, हंड्यावरून बाया भांडायल्यात, अन् तुमी पाणी सोडा म्हणता? गाव जोड्यानं मारंल."

"मला मारू द्या. लिंबाला घालतो, सांडत न्हाई."

सरांनी स्वतः पाइप धरला आणि फाटकाजवळच्या कडुलिंबाच्या रोपांना ते पाणी घातले. "कावून वाया घालवता?" असे विचारत येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी थाळी दाखवली. एक आजी थाळीकडे पाहून म्हणाल्या, "हे आमी पेत होतो?" आणि पुढचे रोप दाखवून म्हणाल्या, "मग त्यालाबी घाला."

टाकी घासली, क्लोरीनने धुतली, भरली. या वेळी नळाची थाळी कोरी राहिली. अहवाल सहीसाठी सरांपुढे आला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "तपासलं तुमी. सही तुमची." याविषयी मी त्यांना कधी काही बोलले नाही. आज बोलते: सर, त्या दिवसापासून मी या संस्थेची झाले.

फडावर जायचे ट्रक लागले तेव्हा एका आईने नळाचे पाणी ओंजळीत घेतले, हुंगले, प्यायले. ट्रकवर चढवलेली मुलीची पेटी तिने खाली उतरवून घेतली. "ऱ्हा इथंच. अभ्यास कर." मग एकामागून एक पेट्या उतरत गेल्या. ट्रक गेले, मुले राहिली. आबा सरांना म्हणाले, "जिंकलात बुवा." सर म्हणाले, "थाळी बघत ऱ्हावं लागंल."

सर आजही थाळी बघतात. त्यांच्या पंचाहत्तरीचा हा सोहळा त्याच लिंबांच्या सावलीत होत आहे आणि सर्वांना त्याच नळाचे पाणी दिले जाणार आहे. सरांची प्रकृती उत्तम राहो, त्यांनी शंभरी पाहावी, आणि त्यांच्या हातातली प्रत्येक थाळी कोरी निघावी.