पालला जायचं ठरलं होतं

आमच्या घरात सहली ठरायच्या, निघायच्या मात्र नाहीत. वडील, म्हणजे आबा, दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते आणि शिफ्टच्या नोकरीत रजा माणसाच्या हातात नसते. माझी थोरली बहीण, अक्का, लहानपणापासून उत्तरेच्या सातपुड्याकडं बोट दाखवून विचारायची, तिथं झाडांखाली झोपलं तर कसं वाटत असेल? आबा म्हणायचे, "नेतो एकदा." हे ऐकत ऐकत अक्का मोठी झाली, तिचं लग्न झालं आणि ती दोंडाईच्याजवळच्या खेड्यात नांदायला गेली. पाठवणीच्या वेळी आबा तिला म्हणाले, "पहिल्या आखाजीला ये. सातपुड्यात, पालच्या जंगलात जाऊच." ती रडता रडता हसली होती.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखाजी म्हणतात. खानदेशात तिचा मान दिवाळीहून मोठा, कारण सासरी गेलेल्या पोरी त्या सणाला माहेरी येतात आणि झोक्यावर बसून मनातलं गाऊन घेतात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, भुसावळला कॉलेजात जात होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

या वेळी आबा खरंच इरेला पेटले. त्यांच्या खात्यात एक साहेब बदलून आले होते. ते दर वर्षी बायकामुलांना घेऊन जंगलात तंबू ठोकून राहायचे आणि परत आले की फोटो दाखवायचे. ते फोटो पाहून आबांनी तंबूच्याही पुढची उडी मारली. भाजीपाला वाहणारा एक ओळखीचा मेटाडोरवाला होता. त्याची गाडी तीन दिवसांसाठी घ्यायची, मागच्या हौद्यात लोखंडी सांगाडा बसवायचा, वर ताडपत्री, खाली गाद्या, बाजूला स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. सावद्यावरून पालला जायचं, सुकी नदीच्या काठी गाडी लावायची आणि तिथंच दोन रात्री काढायच्या. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज मी लिहिला. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडं आलं आणि मी त्याचीही ऐट मिरवली.

मायला हे सगळं खुळ्यांचं काम वाटत होतं. ती म्हणाली, "आयुष्य गयं वावरमा झोपीसन. आते पैसा दीसन जंगलमा झोपाले जावानं का?" तरी ती खापरावरच्या पुरणपोळ्या कशा नेता येतील याचा विचार करायला लागली होती. लेक येणार म्हटल्यावर तिला कुठलंही जंगल चाललं असतं.

आखाजी आठवड्यावर आली तशी मायनं मुराळ्याची गोष्ट काढली. लेकीला आणायला माहेराहून माणूस जावा लागतो, तो मुराळी. भाऊ असेल तर भाऊच जातो, रात्रभर मुक्काम करतो आणि बहिणीला सन्मानानं घेऊन येतो. आबांना हे अडाणीपणाचं वाटलं. वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला आल्यापासून ते बोलायचेही पुस्तकी. "सुरत लाईनची गाडी आहे. दोंडाईच्याला बसवली की भुसावळला उतरते. मी पत्र टाकलंय, गाडीची वेळसुद्धा कळवली आहे."

"मुराळी गया नही तं त्या पोर कशी धाडतीन?" माय म्हणाली.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी जायला काहीच हरकत नव्हती. कॉलेजला सुट्टी लागली होती. पण सांगाड्याला रंग द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर अक्काच्या सासरी पाटावर बसून सगळ्यांच्या चौकशांना उत्तरं देत बसायचा मला कंटाळा होता. मी म्हणालो, "आबांचं बरोबर आहे. आजकाल कोण मुराळी पाठवतं?" एवढं बोलून मी रंगाचा डबा घेऊन बाहेर गेलो. त्या वाक्याची मला आजही चीड येते.

ठरलेल्या दिवशी आम्ही भरलेली गाडी घेऊनच भुसावळ स्टेशनवर गेलो. अक्काला परस्पर घ्यायचं आणि निघायचं, असा बेत होता. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. गाडी आली, बाया उतरल्या, लेकरं उतरली, गाठोडी उतरली. आबा बायकांच्या डब्याशी उभे होते, मी पुलाच्या पायथ्याशी. फलाट रिकामा झाला तरी आबा खिडक्यांतून वाकून बघत होते. मग म्हणाले, "चुकली असेल. पुढच्या गाडीनं येईल." पुढची गाडी संध्याकाळी आली. तिच्यातही अक्का नव्हती.

माय मला म्हणाली, "भाऊ, तू आत्तेच जाय आनि तिले लई ये." मी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "पत्र पोचलं नसेल. उद्या बघू." मेटाडोरवाल्यानं आम्हाला घरी आणून सोडलं. गाद्या परत पलंगावर गेल्या. पुरणपोळ्या मायनं शेजारीपाजारी वाटून टाकल्या.

पत्र पोचलं होतं. आखाजी झाल्यावर अक्काच्या सासऱ्यांचं कार्ड आलं. मुराळी आला नाही, तेव्हा यंदा लेकीला न्यायचा तुमचा विचार दिसत नाही, असं आम्ही समजलो. एवढंच होतं त्यात. आबा भडकले. आगगाडीच्या जमान्यात ही काय माणसं, म्हणून ते दिवसभर बडबडत राहिले. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला.

पुढच्या वर्षी मी कोणी न सांगता गेलो, चांगला आठ दिवस आधी. अक्कानं पाय धुवायला पाणी दिलं, आग्रह करून जेवू घातलं आणि हसत सांगितलं की सासूबाईंना बरं नाही, यंदा जमायचं नाही. सासूबाई ओसरीवर बसून छान सुपारी कातरत होत्या. मी एकटा परत आलो. त्यानंतर अक्का कधी आखाजीला आली नाही. लग्नकार्याला यायची, दिवस मावळायच्या आत निघायची. आबा प्रत्येक वेळी विचारायचे, "पालला जायचं का गं?" ती म्हणायची, "बघू आबा." त्या सांगाड्याची पुढं मायनं मोरी झाकायला आडोशाची चौकट करून घेतली.

आबा गेले तेव्हा नव्वदचं दशक सरत होतं. दहाव्यापर्यंत अक्का घरी राहिली, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढे दिवस. एका दुपारी आतल्या खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर भेटायला आलेली माणसं बसली होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "अक्का, त्या आखाजीला तू काय केलंस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बठ्ठ्या जावासना भाऊ उनात, त्या गयात. मनी पिशवी भरेल व्हती. मी तीन दिन वट्टावरच व्हतू." सगळ्या जावांना त्यांचे भाऊ येऊन घेऊन गेले होते, आणि ही तीन दिवस ओट्यावर वाट बघत बसली होती.

"आबांना तुला जंगल दाखवायचं होतं गं."

"माले जंगल नको व्हतं रे भाऊ," ती म्हणाली. "तू दारमा दिसाले पाहिजे व्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो. मी मोठ्यानं रडायला लागलो. आबांना उचललं तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. बाहेरची माणसं धावत आत आली. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालं, पोरानं इतके दिवस बापाचं दुःख दाबून ठेवलं होतं, आता मोकळा झाला. मी मान खाली घातली. अक्कानं माझ्याकडं पाहिलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि त्या माणसांना म्हणाली, हो, आबांचा फार जीव होता त्याच्यावर.