कडू गोळ्यांचा तक्ता

बाबांच्या अन्ननलिकेला सूज होती, खालच्या टोकाला जखमा. औषधाने भरल्या नाहीत तर पुन्हा तोंडातून नळी घालून बघावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, धगीत सगळी नोकरी काढलेला माणूस त्या नळीच्या नावाने दाराकडे बघू लागला.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिली मी, तेही केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. औषधाचा कारभार मी हातात घेतला. बाबांच्या जुन्या लॉगबुकात तक्ता आखला: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, जळजळ, इतर त्रास. बाबा रिपोर्टही प्लांटमधल्यासारखाच देत. सकाळी बरं होतं, बी शिफ्टला, म्हणजे दुपारनंतर, जळजळ, सी शिफ्टला रात्री दोनदा उठलो.

पहिली गोळी पँटोप्राझोल. तीन आठवडे जळजळ तशीच. गोळी कडू आहे, अशी बाबांची तक्रार, ती मी ‘इतर त्रास’मध्ये लिहिली. मग तक्ता दाखवून डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली. एसोमेप्राझोल. फरक नाही, हीसुद्धा कडू. तिसरी व्होनोप्राझॅन, नव्या जातीची, पण कडूच. आठवडाभरात बी शिफ्ट शांत. बाबांनी भाकरीचा तुकडा दुधात न बुडवता खाल्ला. मी निकाल लावला: जुनी औषधं बेकार. सुपेल्याच्या बाजारातल्या औषधवाल्यालाही तसं ऐकवून आले.

पुढच्या वेळी आईबाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि तक्ता समोर ठेवला. त्यांनी तो कौतुकाने वाचला. बोट ‘कडू’वर थांबलं. अख्खी गिळलेली गोळी कडू कशी लागेल, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे.

“पुरी गोळी कशी गिळन माणूस?” आई म्हणाली. “घास उतरत नव्हता त्यायचा. खलबत्त्यात कुटून पाण्यात देतो मी.”

लहानपणी आम्हालाही ती गोळ्या अशाच द्यायची. सकाळी उपाशीपोटीच्या गोळीच्या वेळी मी शाळेत शिकवायला निघालेली असायची. पहिल्या दोन गोळ्यांवर आवरण असतं, आतड्यात पोचण्याआधी पोटातल्या आम्लाने गोळी नासू नये म्हणून. ते आवरण आई रोज कुटत होती. तिसरी आम्लात टिकते, म्हणून ती कुटूनही तरली. मी तीन औषधं तोलली नव्हती, खलबत्त्यासमोर कोण टिकतं ते पाहिलं होतं. ‘फोडू नये’ हे पाकिटावर छापलेलं होतं. मी वर मिलिग्रॅमपर्यंत वाचून थांबले होते.

“मले कावून नाही सांगितलं?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“तू रोज लिहून राहिली होती ना,” आई म्हणाली. “मले वाटलं, तुले मालूम आहे.”

डॉक्टरांनी तिसरीच गोळी ठेवली, अख्खी गिळायला सांगितली. घास आता उतरत होता, तशी गोळीही उतरली. पुढच्या तपासणीत नळीची गरज नाही म्हणाले. कोणती गोळी सरस, ते मला अजून ठाऊक नाही.

बाबांना मात्र शंका आहे. परवा पाकीट उलटंपालटं करत म्हणाले, “आता काहीच कडू लागत नाही. नकली त नाही ना हे?”