दौंडला जाऊन पारखलेली दहा नावं

कवठे येमाईहून सकाळच्या जीपनं निघालो तेव्हा सदऱ्याचं वरचं बटन तुटलेलं होतं. तिथं पिन लावली. माझी बायको चंद्रा जाऊन आठ महिने झाले. तिचा बटनांचा डबा फळीवर आहे, पण तो उघडायला हात धजत नव्हता.

जायचं होतं मेव्हण्याकडं, तिच्या धाकट्या भावाकडं. दत्तू रेल्वेतून रिटायर झाला आणि इंटरनेटवर चाळीस नावं घेऊन बसला. इंग्रजी शब्दांची. ती म्हणे जपानी लोकांना विकायची. त्यानं फोनवर तीनदा समजावलं. हे प्लॉटसारखं असतं. आधी आपल्या नावावर करायचं, ज्याला दुकान टाकायचं तो आपल्याकडून घेतो, आणि दरसाल फी भरली नाही तर प्लॉट गेला. फी भरायचा आज शेवटचा दिवस होता, आणि त्याला दहाच परवडत होती. कुठली दहा, ते मी सांगायचं.

"मी चौथी पास," मी म्हणालो. "मला बैलाचे दात कळतात."

"अक्का जाताना म्हणली हुती, माल घेताना दाजींना इचारत जा. मी इचारलं न्हाई. आता इचारतोय."

जायचं कबूल केलं. पस्तीस वर्षं मी हेडी (बैलांचा व्यापारी) होतो.

शिरूरला दौंडची एसटी मिळाली. न्हावऱ्याच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली. दीड तास गाडी जागची हलली नाही. शेजारच्या बाईनं भाकरी सोडली, मलाही दिली.

"आबा, कुठं निघालाय?"

"जपान्याला इंग्रजी शब्द विकायला."

तिनं माझ्याकडं बघितलं, पिनेकडं बघितलं, आणि आणखी एक भाकरी हातावर ठेवली. "घरी कोण हाय का तुमच्या?"

"न्हाई."

"तरीच," ती म्हणाली. मग भीमा ओलांडेपर्यंत ती माझ्यावर लक्ष ठेवून होती.

दौंडला दत्तू मला स्टेशनजवळच्या रशीदभाईच्या इंटरनेटच्या दुकानात घेऊन गेला. रशीदभाईचा भाऊ रांजणगावच्या कंपनीत एका जपानी साहेबाची गाडी चालवतो. सुट्टीचा दिवस म्हणून साहेबालाच घेऊन आला होता. लाकडी बाकावर साहेब गुडघे जुळवून बसला होता, हातात चहाचा ग्लास.

दत्तूनं त्याच्या मते सगळ्यात भारी माल आधी काढला. 'प्रॉस्पेरिटी'. म्हणजे भरभराट. साहेबानं म्हणायला घेतलं, मध्येच अडकला, परत सुरुवात केली आणि पाणी मागितलं.

"हा बैल दावणीलाच बसला," मी म्हणालो.

"दाजी, जपानात ह्याला लई मागणी हाय."

"समोर जपानच बसलाय. बघ की."

मग 'टॉवेल' आला. साहेब हसला, "ताओरु" म्हणाला आणि तोंड पुसून दाखवलं. त्यांच्या घरी हाच शब्द चालतो म्हणे. तिथं मला माल कळला. चंद्रा शाळेची पायरी चढली नव्हती, पण टॉवेल म्हणायची. जो शब्द शाळेत न जाता तिच्या तोंडी आला, तो तिकडच्या बाईच्याही तोंडी असणार.

"दत्तू, एकेक नाव घे. अक्का म्हणायची का, एवढंच सांग."

'बस' राहिली. 'कप' राहिला. 'टेबल' राहिलं. 'एक्सलन्स' गेला. 'केक'वर भांडण झालं.

"तिनं खाल्ला, पण नाव कधी घेतलं न्हाई," मी म्हणालो.

"घेतलं. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला. म्हणली, दत्तू, ह्या केकात मीठ न्हाई."

मला आठवलं. केक ठेवला. रशीदभाई लिहीत होता.

नऊ नावं झाली. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबतात, त्यावरून समजायचं. मी उपरणं पुढं केलं. साहेबानं रशीदभाईकडं बघितलं आणि हात आत घातला. बोटांची भाषा त्याला कुठली येणार. त्यानं माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घातली. भाव काही कळला नाही. पण आठ महिन्यांत माझा हात असा कुणी धरला नव्हता. मी लगेच काढला नाही.

दहाव्याला दोन उरली, 'प्रॉस्पेरिटी' आणि 'बटन'.

"बटन कोण घेनार, दाजी? माझं ऐका ह्या येळंला."

साहेबानं माझ्या पिनेकडं बोट केलं. "बोतान," तो हळूच म्हणाला.

दत्तूनं ती पिन तेव्हा पहिल्यांदा बघितली.

"अक्कानं तुमाला असं घराभाईर पडू दिलं आस्तं का?"

"न्हाई."

"रशीदभाई, बटन लिवा," तो म्हणाला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

येताना गाडी कुठं अडली नाही. दिवेलागणीला घरी पोचलो, चप्पल काढायच्या आधी फळीवरचा डबा खाली घेतला. सदऱ्याच्या जोडीचं पांढरं बटन मिळालं नाही. निळं लावलं. वाकडं बसलंय, पण बसलंय.

ह्याला तीन वर्षं झाली. जपानातून कुणी आलं नाही, नऊ नावं दत्तूनं एकेक करून सोडली. बटनाची फी तेवढी तो दरसाल भरतो. मी त्याला सांगून ठेवलंय, गिऱ्हाईक आलं तर आधी कवठ्याला घेऊन यायचं. उपरण्याखाली त्याचा हात बघितल्याशिवाय ते नाव द्यायचं नाही.